आई गेली, आणि बाराव्याला सगळे तिच्या बांगड्याच्या तिखल्याबद्दलच बोलत होते

खाडीपलीकडची

या मार्गशीर्षात आई गेली. ऐंशी पार केली होती, आजारपण म्हणावं असं काही नव्हतं. रात्री पेज घेऊन झोपली ती उठलीच नाही. मरणाचं सोनं झालं असं पुष्कळांनी सांगितलं, आणि ते खरंच आहे.

धागा काढायचं कारण वेगळं. बाराव्याला घर भरलं होतं. मुंबई, पुणे, बेळगाव, कुठून कुठून माणसं आलेली. पडवीत बसून जो तो आठवणी काढत होता आणि बहुतेक सगळ्या जेवणाच्या. वयनींच्या हातचं तिखलं, वयनींची सोलकढी, चतुर्थीला आलेल्या प्रत्येकाच्या पानात पडणारे मोदक. माझी सख्खी भाचरंसुद्धा तेच. मी ऐकत होते आणि आतून चरफडत होते. अरे, ही बाई शेतकरी होती. चाळीसेक वर्षं तिने एक घर, एक उतार आणि भावकीतली वीस-बावीस डोकी सांभाळली. ते कोणी बोलेल की नाही? म्हणून इथे लिहितेय.

आमचं गाव देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या बाजूला. आईचं माहेर मालवणकडचं. तिची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही, आधारवर १ जानेवारी आहे, त्या पिढीतल्या निम्म्या गावाची असते तशी. विचारलं की म्हणायची, "रामदास बोट बुडाली तेव्हा मी चलत होतंय, पण कळशी उचलूक येय नव्हती." रामदास बुडाली १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येला, मुंबईहून रेवसला जाताना. आमच्या बाजूची बोट नव्हे ती, पण किनाऱ्यावरच्या घराघरांत ती बातमी वर्ष मोजायची खूण झाली. त्यावरून तुम्हीच हिशोब करा.

लग्न झालं १९६१ च्या मे महिन्यात. मालवणला पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, बोटीपर्यंत गेली, लुगडं भिजू नये म्हणून खलाशाने उचलून वर घेतलं, आणि सगळी बोट बघत होती याची लाज तिला म्हातारपणापर्यंत वाटायची. बाबा लालबागला गिरणीत. लग्नानंतर दीड महिन्यात ते परत मुंबईला, आणि पुढची वीस वर्षं ते शिमगा, चतुर्थी आणि जमलं तर मे महिना एवढ्यापुरते घरी. बाकी मनीऑर्डर.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक चिठोरं असायचं, मजकूर लिहायला. बाबा त्यावर 'सर्व खुशाल, मुलांना आशीर्वाद' एवढंच लिहीत. आई तिसरीपर्यंत शिकलेली. ती चिठोरी तिने ठेवली, पण प्रेमपत्रं म्हणून नव्हे हं. आता ट्रंक उघडली तर प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने हिशोब. औताचे पैसे, कोयतीला धार, बियाण्याचं भात किती पायल्या कोणाला दिलं, किती परत आलं, कोणाकडे अडकलं. एका चिठोऱ्यावर नुसतं 'दत्तूकडे २ पायली' आणि त्यावर इतक्या जोराने काट मारलीय की कागद फाटलाय. (दत्तू कोण ते घरात कोणालाच आठवत नाही. नाव मी बदललंय, न जाणो त्याचे नातू इथेच असायचे.)

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. मनीऑर्डर आधी उशिरा आली, मग यायची बंद झाली, आणि पावसाच्या आधी बाबाच आले. हातात पिशवी, तोंडावर काही नाही. ते दिवसभर पडवीच्या कट्ट्यावर बसून रस्त्याकडे बघत. कोणी तरी येईल आणि संप मिटला म्हणून सांगेल असं त्यांना वाटत असावं. आठवडाभराने आईने त्यांना सांगितलं, "मागचो गडगो पडलो हा, तो घाल." एवढंच. बाबांनी गडगा, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणाची भिंत, घातला. मग दुसरा. परड्यापासून कातळापर्यंतचे आमचे गडगे त्या दोन वर्षांतले आहेत.

त्या काळात आई सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत उतरून कालवं काढायची. कालवं म्हणजे खडकाला चिकटलेली शिंपली. लोखंडी टोच्याने एकेक फोडायचं, आतला गर वाटीत. बोटं कापतात, मिठाचं पाणी जखमेत जातं. वाटा लावून बाजारात विकायला बसायची. "गिरणवाल्याची बायल कालवां इकता" असं गावात झालं. आजीला ते फार लागलं, बाबांना त्याहून. आईने कोणाला उत्तर दिलं नाही, पण बाजारात बसायची जागाही बदलली नाही. माझी त्या वर्षीची शाळेची फी कालवांची आहे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय ते. १९९० साली रोजगार हमीला जोडून फळबाग लागवड योजना आली. वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत खड्डे मारायची मजुरी, कलमं, खत, सगळ्याला अनुदान. आमचा उतार गवत आणि करवंदी सोडली तर मोकळाच. आईने कृषी सहायकाला गाठलं. तो म्हणाला सातबारा आणा. सातबाऱ्यावर बाबांच्या आजोबांच्या वारसांची वीस-बावीस नावं, सगळी सामायिक, निम्मी माणसं मुंबईत. प्रत्येकाची संमती हवी. आणि आईचं नाव त्या कागदावर कुठेच नाही, कारण ती सून.

कोकणातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. इथेच बहुतेकांचे अर्ज मेले. बाबा म्हणाले सोड. आई रातराणी एसटीने मुंबईला आली, माझ्याकडे डोंबिवलीला उतरली, आणि आम्ही दोघी सह्या गोळा करायला फिरलो. लालबाग, करी रोड, भांडुप, विक्रोळी, कळवा. तिच्या खांद्याला एक कापडी पिशवी. तिच्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला अर्ज आणि घराघरासाठी आमसुलाची पुडी. घरात शिरल्यावर ती आधी पुडी द्यायची, चहा घ्यायची, घरातल्या प्रत्येकाची चौकशी करायची. अर्ज निघायचा उठताना. लालबागचे एक दीर म्हणाले, "वयनी, सही खंय पळान जाता?" तिचं उत्तर अजून कानात आहे. "सही पळणा नाय भावोजी, पावस कोणासाठी थांबणा नाय." त्यांनी तिथेच सही केली.

भांडुपच्या एका चुलत दिरांनी मात्र ताणलं. झाडं लावलीस म्हणजे उद्या जमीनही तुझीच म्हणशील, हा त्यांचा मुद्दा. शेवटी त्यांनी सही दिली, पण त्यांच्या वाटणीच्या पट्ट्याला हात लावायचा नाही असं लिहून घेतलं. आईने लिहून दिलं आणि पाळलं. सुंभाच्या दोरीला गाठी मारून तिने माप धरलं होतं, दहा मीटरवर हापूस, सात मीटरवर काजू. ती दोरी त्या पट्ट्याशी आली की पलीकडे जाऊन पुन्हा सुरू व्हायची. आज उतारावर दोन्ही बाजूंना काजू आहे आणि मधोमध उघडा पट्टा. गुगलच्या नकाशात वरून बघितलं तरी दिसतो.

पहिली तीन वर्षं पाणी तिने आणि धाकट्या बहिणीने कळशीने घातलं. जगलेली कलमं मोजूनच पुढचा हप्ता मिळायचा, त्यामुळे मेलेल्या कलमाच्या जागी ती स्वतःच्या पैशाने दुसरं आणून लावायची. काजू बहुतेक वेंगुर्ला-४. ती झाडं अजून धरतात.

बाबा २००३ साली गेले तेव्हा वारस म्हणून आमच्यासोबत आईचं नाव सातबाऱ्यावर चढलं. म्हणजे झाडं लावून तेरा वर्षांनी. आता फेरफार, म्हणजे वारसांची नोंद, होईल आणि त्या नावाला कंस पडेल, कमी झालेलं नाव तसंच दाखवतात. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी एका चुलतभावाने विषय काढलाच, बहिणींचं हक्कसोड (आपला वाटा सोडल्याचा कागद) एकदम करून टाका, पुन्हा पुन्हा यायला नको. माझ्या सख्ख्या भावाने त्याला गप्प केलं, हे इथे नोंदवते. आम्हा भावंडांत भांडण नाही. पण मी सही केलेली नाही, करणारही नाही.

तुमच्या आया-आज्या काय चालवत होत्या ते लिहा. पाककृती नकोत.

चाकरमानी_परळ

विनम्र श्रद्धांजली. गडग्याचं वाचून थांबलो. माझे वडीलही त्याच संपात घरी बसले. अडीच लाख कामगार होते म्हणतात, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे आमच्या घरात तर तो वडील जाईपर्यंत चालूच होता.

आमच्याकडे आई परळलाच होती, गावी नव्हती. तिने खानावळ चालवली. पूर्वी गावचे एकटे राहणारे पुरुष जेवायला यायचे, संपात तेच लोक उधारीवर जेवायला लागले, आणि ती वाढत राहिली. वाण्याला काय सांगत होती, गहाण काय ठेवत होती, आम्हाला पत्ता नाही. तिच्या गळ्यात काळी पोत तेवढी उरली होती हे मला फोटो बघताना कळलं. आता हे पाककृतीत मोडतं का? :)

खाडीपलीकडची

नाही मोडत. खानावळ हा धंदा आहे. लिहा अजून.

हर्णैची_पोर

माझी आजी मासेवाली. हर्णै बंदरात संध्याकाळी लिलाव होतो, होड्या लागल्या की वाळूवरच. पर्यटक आता मोबाईल काढून त्याची मजा बघतात. आजीच्या काळात ती मजा नव्हती. बोली बोलायला उभं राहायचं, तोंड फाटकं ठेवायचं, आणि समोरचा किती ताणणार ते ओळखायचं. आजीला लिहिता येत नव्हतं, पण लिलावात तिला कोणी एक रुपयाला फसवलेलं कोणाच्या ऐकिवात नाही.

तिथून पाटी घेऊन दापोली, कधी खेड. एसटीत पाट्या मागे ठेवायच्या, वास येतो म्हणून बायका नाक मुरडायच्या. आणि त्याच बायका बाजारात 'मावशी, ताजं आहे ना' म्हणत तिच्यासमोर उकिडव्या बसायच्या. आजी हे हसून सांगायची. तिला राग यायचा तो वेगळ्या गोष्टीचा. तिने जमवलेल्या पैशातून होडीत भागी घेतली, आणि होडीच्या कागदावर नाव मामाचं. मामा तेव्हा अठरा वर्षांचा, त्याला समुद्र लागायचा!

ती गेल्यावर लोक उधारी द्यायला आले. त्याहून जास्त मागायला आले. आईने सगळ्यांना चहा दिला आणि मागणाऱ्यांना सांगितलं की तिच्या डोक्यातली वही तिच्याबरोबर गेली.

निनाद७१

भावपूर्ण श्रद्धांजली. लेख आवडला.

पोफळबाग

आमचं केळशी. आजीला सगळे माई म्हणायचे. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, पण आमच्या किनाऱ्याला त्याने सोडलं नाही. घराची कौलं गेली, वाडीतल्या पोफळी (सुपारीची झाडं) आडव्या. टाळेबंदीमुळे मी पुण्यात अडकलेलो, फोन बंद, वीज बंद. चार-पाच दिवसांनी कसाबसा पोचलो. मला वाटलं होतं माई खचली असेल.

माई वाडीत. वय अठ्ठ्याऐंशी. काठी टेकत पडलेली झाडं मोजत होती आणि मदतीला आलेल्या पोरांवर ओरडत होती, कारण पडलेले नारळ ते न मोजता नेत होते. 'मोजून न्या, नेऊ नका म्हटलंय का मी?' पंचनाम्याला माणसं आली तेव्हा तिने त्यांना उभं केलं. 'हेक्टरवर काय भरपाई देता? माझी वाडी हेक्टर नाही, गुंठ्यात आहे. झाडावर द्या. भात पडलं तर पुढल्या वर्षी येतं, पोफळ लागायला सहा-सात वर्षं जातात.' तो मुद्दा पुढे सगळ्या बागायतदारांनी लावून धरला. माईने तो पडवीत बसून पहिल्याच दिवशी मांडला होता, आणि तिने कधी वर्तमानपत्र पूर्ण वाचलेलं मी पाहिलं नाही.

माई गेल्या वर्षी गेली. तुमच्या आईंना नमस्कार.

सुगरण_नाही

मला थोडं वेगळं वाटतं, रागावू नका. 'पाककृती नकोत' हे मला पटलं नाही. ज्यांनी शेती केली, बाजार केला त्यांचं कौतुक हवंच. पण माझी आई आयुष्यभर चुलीपुढेच होती. तिने ना कालवं विकली ना सह्या गोळा केल्या. मग तिची आठवण काढायचीच नाही का?

आईचे पातोळे. श्रावणात हळदीची पानं परसातून तोडायची, फार जून नाहीत, फार कोवळी नाहीत. तांदळाचं पीठ पानावर पसरायचं ते नखाएवढं जाड, कडेला पातळ. पावसात ओली लाकडं, चूल धुमसतेय, आणि पंचवीस माणसांचं एका वेळी उकडायचंय. ती विस्तव हाताने नाही, फुंकणीने नाही, लाकडं मागेपुढे सरकवून सांभाळायची. मी गॅसवर करते तरी माझे फाटतात. हे कौशल्य नाही का? ते 'फक्त जेवण' आहे असं म्हणणारे पुरुष होते. आता आपणही तेच म्हणायचं?

खाडीपलीकडची

रागावले नाही. तुमच्या आईचा विस्तव डोळ्यांसमोर आला.

माझा मुद्दा जेवणाला कमी लेखायचा नाही. बाराव्याला कोणी असं नाही ना सांगितलं की वयनी ओल्या लाकडावर पंचवीस माणसांचं कसं करायच्या. सांगितलं ते आपण काय खाल्लं ते. सगळ्या आठवणींत सांगणारा जेवतोय आणि ती वाढतेय. तुमच्या प्रतिसादात ती चुलीपाशी काम करताना दिसते. असं कोणी बोललं असतं तर धागा काढलाच नसता.

तरी 'पाककृती नकोत' मागे घेते. लिहा.

बांद्याचो_भाचो

माझी आये चतुर्थीत कधी बसलेली मी बघितली नाही. माटी (गणपतीवरची माटोळी) बांधूक पुरुष, आरतीक पुरुष, भजनाक पुरुष, फुगडी घालूची ती पण रात्री बारा वाजल्यावर भांडी झाली की मग. पण फुगडीत आयेचो हात सुटलेलो कोणी बघूक नाय. पासष्टीची होती तेव्हा माझ्या बायकोक चक्कर येय सर फिरवल्यान. आमच्याकडे आठवण काढतात ती तीच, जेवणाची कोण काढीत नाय, कारण खरां सांगायचां तर आयेच्या आमटीत मीठ कधी बरोबर नसायचां.

हर्णैची_पोर

@बांद्याचो_भाचो हसून हसून पुरे वाट लागली. हे बाराव्याला बोलायची हिंमत हवी.

फेरफार

श्रद्धांजली. मी महसूलमध्ये होतो, निवृत्त. भावनेच्या धाग्यात कोरडं लिहितो, क्षमस्व, पण उपयोगी पडेल.

वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज गावच्या तलाठ्याकडे द्या, किंवा ई-हक्कवरून ऑनलाइन भरा. अर्जात मुलगे-मुली सगळ्यांची नावं घालायची. 'मुलींची लग्नं झाली' म्हणून नावं गाळायची पद्धत कोकणात अजून चालते, ती चूक आहे आणि पुढे कोर्टात महाग पडते. नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. आईच्या नावावरचा हिस्सा मुलगा-मुलगी सारखाच, १९५६ च्या कायद्यापासून. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीने देशभर आला, महाराष्ट्रात १९९४ ची दुरुस्ती आधीच होती, पण ती तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरती.

हक्कसोड करायचंच असेल तर नोंदणीकृतच हवं. साध्या कागदावरच्या सहीने तुमचं नाव निघत नाही. कोणी 'नुसती सही दे, बाकी मी बघतो' म्हणालं तर आधी कागद पूर्ण वाचा. सह्या घेणाऱ्याने कागद दुमडून धरलेला असतो, हे नोकरीत खूपदा पाहिलं.

आणि एक. तुमच्या आईसारख्या बायका आमच्या चावडीत यायच्या. काम नवऱ्याच्या नावाचं, पण खातेनंबर, गटनंबर, आकार, सगळं तोंडपाठ त्यांना. नवरा सोबत असला तर तो बाहेर विडी ओढत उभा. १९९२ च्या सुमारास सरकारने पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली होती, लक्ष्मी मुक्ती म्हणून. माझ्या सजात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, मी लोकांना सांगायचो. किती जणांनी लावलं म्हणता? बोटांवर मोजता येतील. त्यातही एकाने नंतर येऊन विचारलं, काढता येईल का.

चाकरमानी_परळ

शेवटचं वाक्य!! तेवढ्यासाठी धागा वाचणखुणेत.

कोकणरेल्वे९८

जमिनीच्या वाटण्या आणि दिवंगत आईच्या आठवणी एकाच धाग्यात बघून बरं वाटलं नाही. वर्ष व्हायचंय अजून. हे विषय जरा थांबले असते तर चाललं असतं.

खाडीपलीकडची

तुम्हाला तसं वाटणं समजू शकते. माझ्यासाठी ते वेगळे विषय नाहीत. आई भक्त नव्हती, गाणारी नव्हती, प्रवास तिने सह्यांसाठी आणि आमच्या बाळंतपणांसाठी केला. तिचं आयुष्य कुठे बघायचं असेल तर त्या उतारावर. मग त्याचा सातबारा अमंगळ कसा?

आजीची_व्हॉइस

मावशी, मीच गं. सगळ्यांना सांगते, मी यांची भाची, आजीची नात. खातं खास यासाठी उघडलं.

आजीला फोनवर टाइप येत नव्हतं म्हणून मी तिला व्हॉइस मेसेज शिकवला. त्यानंतर तिने मला जे पाठवलं ते सगळं माझ्याकडे आहे. मावशी म्हणते तसं, त्यात 'बाळा जेवलीस का' फार कमी. एक असा आहे: "काजीचो दर पडलो हा. मामाक सांग आताच इकू नको. व्यापारी येतलो, येवदे. च्याय दी आणि पाठव." मग पाच सेकंद कोंबड्या, आणि मग, "बंद खंयसून करतत ह्या?"

दुसऱ्यात ती मला माझ्या पगाराबद्दल विचारते. मला नवीन नोकरी लागली होती, मी आकडा सांगितला. तिचा मेसेज आला, त्यातून घरभाडं किती जातं, मागे किती टाकतेस, नवऱ्याला सगळं सांगतेस की काही सांगत नाहीस. शेवटी म्हणते, थोडां सांगू नको. माझं तेव्हा लग्नही ठरलं नव्हतं.

मामीने विचारलं ते मेसेज दिवसांना, वर्षश्राद्धाला वगैरे लावायचे का. मी नको म्हटलं. त्यातल्या निम्म्यात आजीने भावकीला शिव्या घातल्यात.

मला आजीचा अजून एक विषय आठवतो, नावाचा. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बाळांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव सक्तीचं केलं, बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं. ताईला मुलगी झाली तेव्हा आम्ही आजीला दाखला वाचून दाखवला. ती खुश होईल असं आम्हाला वाटलं. ती म्हणाली, "नाव घातल्यानी, बरां केल्यानी. सातबाऱ्यार खंय घातल्यानी?"

खाडीपलीकडची

अगं! हे मला ठाऊक नव्हतं. ते सगळे मेसेज एका ठिकाणी ठेव, तुझा फोन दर सहा महिन्यांनी पडतो.

फेरफार

"सातबाऱ्यार खंय घातल्यानी" हे चावडीच्या भिंतीवर लिहायला हवं.

पोफळबाग

त्या उघड्या पट्ट्याचं पुढे काय झालं? ते चुलत दीर?

खाडीपलीकडची

ते वारले. मुलगा भांडुपलाच असतो. बाराव्याला आला होता, जेवणाच्या आठवणी सांगणाऱ्यांत तोही होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावर एकटाच जाऊन आला. खाली आल्यावर माझ्या भावाला म्हणाला, माझ्या पट्ट्यात पण काजू लावशील का, खर्च देतो. भाऊ म्हणाला लावतो, पण आधी लेखी दे. आईकडूनच शिकलाय.

सुगरण_नाही

आता पाककृती मागे घेतलीच आहे तर विचारते. सह्यांबरोबर जी आमसुलं द्यायच्या त्यांचं प्रमाण सांगाल का? माझ्या आमसुलांना दर पावसाळ्यात बुरशी येते.

खाडीपलीकडची

घ्या. रातांबे पूर्ण पिकलेले, काळपट लाल झालेले. धुऊन कोरडे करून अर्धे करायचे, बिया आणि गर वेगळा. गराचा रस गाळून त्यात मीठ. आई दहा शेर सालांना शेरभर मीठ घ्यायची, वळीव डोक्यावर असेल तर मूठभर जास्त. सालं त्या रसात बुडवून रात्रभर, सकाळी उन्हात. संध्याकाळी परत रसात, परत ऊन. अशी चार-पाच पुटं. शेवटच्या पुटानंतर कडकडीत वाळेपर्यंत घाई करायची नाही. बुरशी येते ती बहुतेक शेवटचं ऊन कमी पडल्याने, नाहीतर मीठ कमी पडल्याने. चिनी मातीची बरणी, प्लास्टिक नको.

बिया फेकू नका. वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल येतं, ते थंड झाल्यावर मुठीत दाबून गोळे करायचे. ते मुठेल. टाचांच्या भेगांना याच्याइतकं दुसरं काही नाही.

यंदा मे महिन्यात आम्ही तिघी बहिणी घरी असणार आहोत, दहा तारखेपासून. रातांबे झाडाखाली पडून कुजतात, वेचायला माणसं मिळत नाहीत. तुम्ही देवगडच्या बाजूला येणार असाल तर निरोप टाका, येताना जुनं लुगडं किंवा मळकी चालेल अशी साडी आणा, डाग जात नाहीत.

सुगरण_नाही

निरोप टाकलाय. तिकीट मिळालं तर बारा तारखेला.